शिवेवरचे देव आणि शेजारची चेटकीण

आमचे एक तरुण स्नेही गेल्या दिवाळींत दोन बाडें घेऊन आमच्याकडे आले. त्यांचें मूळ गांव जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत, गोदावरीपासून फार दूर नाहीं. शिक्षण व नोकरी मात्र पुण्याची. पहिलें बाड म्हणजे म्हारा स्टार्लिंग या वेल्श लेखिकेचें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेलें 'वेल्श विचक्राफ्ट' हें इंग्रजी पुस्तक. दुसरें त्यांचें स्वतःचें हस्तलिखित, शंभरएक पानांचें. पुस्तक वाचून त्यांना आपल्या आजीची आठवण झाली, आणि "हें सारें आपल्याकडेही आहे, मग तें लाज न बाळगतां आपण कां लिहूं नये?" असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला. हस्तलिखित हें त्या प्रश्नाला त्यांनींच दिलेलें उत्तर. आमचा अभिप्राय त्यांनीं मागितला. तो पत्रांत मावेना, म्हणून त्यांच्या संमतीनें, त्यांचें व गांवाचें नांव वगळून, येथें देत आहों.

प्रथम त्या इंग्रजी पुस्तकासंबंधीं. चेटूक हा शब्द पाहतांच आमच्या वाचकांपैकीं कांहीं पान उलटतील व कांहीं अधिक उत्सुक होतील. दोघांनींही थोडा धीर धरावा. ब्रिटनच्या पश्चिमेस डोंगर, तळीं व पाऊस यांनीं भरलेला वेल्स हा चिमुकला देश आहे. त्याची भाषा इंग्रजीहून सर्वस्वीं निराळी. तींत 'स्विन' असा एक शब्द आहे. तोडगा, मंतरलेली वस्तु, रक्षणाचा उपाय अशा त्याच्या छटा आहेत, आणि त्याचें मूळ लॅटिनमधील 'खूण' या अर्थाच्या शब्दांत आहे. दुसरा शब्द 'डीन हस्बिस', म्हणजे जाणता पुरुष. हरवलेलें जनावर कोणत्या दिशेस गेलें हें सांगणें, चोर ओळखणें, बाधा उतरविणें हा त्याचा उद्योग. आपल्याकडील देवऋषी किंवा भगत तो हाच. १८३९ सालीं वारलेला जॉन हॅरिस हा त्या देशांतील या वर्गाचा सर्वांत गाजलेला पुरुष. वेल्समधील एका डोंगरी तळ्याची कथा तर आमच्या आसरांच्या कथांची मावसबहीण शोभावी. तळ्यांतून एक स्त्री आपल्या गुरांसह वर आली, तिनें एका शेतकऱ्याच्या मुलाशीं लग्न केलें, आणि नवऱ्यानें कारणावांचून तीन वेळां आघात केल्यावर ती गुरांसह पुनः पाण्यांत निघून गेली. मद्वाय नांवाच्या गांवीं पिढ्यान्‌पिढ्या वैद्यकी करणारें एक घराणें होतें; तें आपली वंशावळ याच स्त्रीपर्यंत नेत असे.

आज या सर्व सामग्रीवर आपली साधना उभारणारी कांहीं सुशिक्षित मंडळी वेल्समध्यें आहे. हीं माणसें जुनीं हस्तलिखितें वाचतात, त्या तळ्याकाठीं जातात, आपल्या डोंगराला त्याच्या जुन्या नांवानें हांक मारतात आणि स्वतःस 'विच' म्हणवितात. देवऋष्याकडे दुःख घेऊन जाणारा हा समाज नाहीं; स्वतःच देवऋषी होऊं पाहणारा आहे. त्यांतही आपली मायबोली मरूं नये ही तळमळ आहे, आणि ती आम्हांस मनापासून आवडली. ज्या भाषेंत ओढ्याला नांव आहे ती भाषा गेली तर ओढाही निम्मा आटतो, हें मराठी माणसास वेगळें सांगावयास नको.

कोणी म्हणेल, हें सारें नवें आहे, बनविलेलें आहे. आहेच. इंग्लंडमधील चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ सालीं रद्द झाला, १९५४ सालीं जेरल्ड गार्डनर यांनीं आपलें पुस्तक काढलें, आणि प्राचीन म्हणून मिरविलेला तो पंथ वस्तुतः किती अर्वाचीन आहे हें रोनाल्ड हटन या इतिहासकारांनीं १९९९ सालीं एका मोठ्या ग्रंथांत दाखवून दिलें. परंतु नवेपणा हा आम्ही दोष मानीत नाहीं. १९७५ सालीं एक हिंदी चित्रपट आला आणि शुक्रवारचें संतोषीमातेचें व्रत घराघरांत शिरलें; आंबट न खाण्याचा नियम आमच्या ओळखीच्या दोन पदवीधर गृहिणींनीं वर्षानुवर्षे पाळला. देव केव्हां जन्मला यापेक्षां तो माणसाकडून काय करवून घेतो हें पाहिलें पाहिजे.

आतां हस्तलिखिताकडे वळूं. त्याचा पूर्वार्ध उत्तम उतरला आहे. गोदेच्या उत्तरेची ती काळी जमीन, ओढ्याचा डोह, बांधावरची बाभूळ, शिवेवर शेंदूर फांसलेला म्हसोबा, गांवाबाहेर दगडांच्या रिंगणांत बसविलेला वेताळ, पिंपळावरचा मुंजा, विहिरीच्या थारोळ्याशीं मांडलेल्या सात आसरा: हें सारें लेखकानें नकाशा काढावा तसें काढलें आहे. अंबडची मत्स्योदरी ज्या टेकडीवर बसली आहे ती टेकडीच मुळीं माशाच्या आकाराची. देवीचें नांव आणि जमिनीचें रूप तेथें एकच झालें आहे. गांवोगांवचे हे लहान देवही असेच जमिनींतून वर आले आहेत, हें लेखकाला नेमकें दिसलें आहे. आसरा म्हणजे अप्सरा, एवढी व्युत्पत्ति सांगून हात झटकण्याची आमच्या पंडितांची जुनी खोड आहे. ती त्यांनीं टाळली. डॉ. रा. चिं. ढेरे यांनीं 'लज्जागौरी'सारख्या ग्रंथांतून अशा शेंदऱ्या दगडांना विद्वत्तेच्या बैठकीवर मानाचें आसन दिलें. त्यांच्यामागून आलेल्या पुष्कळांनीं मात्र दगड तेवढा उचलून नेला आणि त्याची जागा तेथेंच राहूं दिली. आमचे गूढकथाकारही याच वाटेनें गेले. धारप-मतकरींचीं भुतें बहुधा बंगल्यांत, वाड्यांत किंवा माणसाच्या मनांत राहतात. बांधावरचें भूत मराठी छापखान्यांत क्वचितच आलें.

आजीचें चित्र तर फारच जिवंत आहे. मीठ, मोहऱ्या व लाल मिरच्या मुठींत घेऊन ती दृष्ट काढी, आणि विस्तवांत टाकल्यावर ठसका आला नाहीं कीं दृष्ट लागलेलीच होती असें सांगे. दहीभाताचा उतारा पत्रावळीवर घेऊन ती तिन्हीसांजेला तिठ्यावर जाई व मागें न पाहतां परत येई. त्याहूनही मोलाची एक गोष्ट लेखकानें जातां जातां नोंदविली आहे. तापानें फणफणलेलें मूल पुढ्यांत आणलें म्हणजे आजी सर्वांत आधीं विचारी, "कोठें गेला होता?" भर दुपारीं ओढा ओलांडला काय, डोहांत दगड टाकला काय, पिंपळाखालीं लघवीला बसला काय. उत्तर मिळालें कीं दुखण्याची जागा सांपडे. मग त्या जागेचा मान तिला द्यावयाचा, खण-बांगड्या ठेवावयाच्या, आणि मुलाला पुनः तिकडे न जाण्याची ताकीद करावयाची.

हा प्रश्न आम्हांस इतका महत्त्वाचा वाटला कीं हस्तलिखित मिटून आम्ही जुन्या पोथ्यांकडे गेलों. या लोकविद्येच्या छापील नोंदी बहुधा इंग्रजी अमलांतल्या आहेत. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं शाळामास्तरांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. १९०९ सालीं नाशकांत अनंत कान्हेरे यांनीं त्यांस गोळी घातल्यानंतर तीं टिपणें एन्थोव्हेन यांनीं संपादून छापलीं, आणि १९२४ सालीं मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवर आपला ग्रंथ काढला. जालना मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत. मुंबई इलाख्याच्या प्रश्नावलीला तेथें वाव नव्हता. पण यामुळें त्या मुलखाचें कांहीं बिघडलें नाहीं. त्याच्या नोंदी इंग्रजांच्या कित्येक शतकें आधीं, आणि मराठींत, झालेल्या आहेत.

चक्रधरस्वामी गोदेच्या दोन्ही तीरांनीं फिरले, आणि ते कोठें बसले, कोठें निजले, तें देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून होतें, नदी कोणत्या अंगाला होती हें सारें महानुभावांनीं 'स्थानपोथी'त टिपून ठेविलें. देवाच्या पावलांखालची जमीन दिशांसह लिहून काढणारा असा दुसरा ग्रंथ मराठींत आम्हांस ठाऊक नाहीं. आमच्या स्नेह्यांस वेल्सकडे पाहण्याची गरज पडली याचें आम्हांस थोडें वाईट वाटतें तें याचसाठीं. 'सूत्रपाठां'तील एक आज्ञा तर येथें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मातापूर व कोल्हापूर येथें साधकांनीं जाऊं नये. तीं स्थानें साभिमान आहेत, तीं विघ्न करतात, असा तिचा आशय आहे. एकाच देवाची उपासना सांगणारा आणि क्षुद्र दैवतें नाकारणारा हा आचार्य. तरीही स्थळाला अभिमान असतो, तें माणसास अडवितें, हें त्यानें मानलें. पुढें काळाचा विनोद पाहा: त्याच संप्रदायाचें भोकरदन तालुक्यांतील जाळीचा देव हें क्षेत्र बाधा झालेल्या माणसांस आणण्याचें ठिकाण म्हणून प्रसिद्धीस आलें. तेथून फार दूर नाहीं असें बुलढाणा जिल्ह्यांतील सैलानीबाबांचें ठाणें. तेथें होळीच्या सुमारास अशा रोग्यांची मोठी यात्रा भरते व नारळांची होळी पेटते.

नंतर एकनाथ. पैठण हें अंबड तालुक्याच्या शेजारचेंच. नाथांच्या भारुडांत देवऋष्याचा सगळा संसार आहे. जोगवा आहे, विंचवाचा उतार आहे, आणि भुतावरचें तें विलक्षण भारूड आहे. झपाटलेली बाई आपलें गाऱ्हाणें सांगते. लिंबू, नारळ, कोंबडा यांचे उतारे झाले, भूत हलत नाहीं. मग कळतें कीं याच भुतानें ध्रुवाला आणि नारदालाही सोडलें नव्हतें. या भारुडाच्या अध्यात्मावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें. आमच्या टीकाकारांनीं त्यांतील एक उणीव मात्र पाहिली नाहीं, आणि ती उणीव हाच त्याचा मोठेपणा आहे. भूत लागलें असें ती बाई म्हणते. कोणी लाविलें हें ती म्हणत नाहीं. देवऋष्याचीं सर्व हत्यारें नाथांनीं उचललीं आणि एक तेवढें जागच्या जागीं ठेविलें: बोट. गांवांतल्या कोणा बाईकडे दाखविलेलें बोट त्या भारुडांत नाहीं. प्रत्यक्ष जीवनांत तें नसे असें थोडेंच आहे! नाथांस आपल्या काळच्या गांवाची चांगली ओळख होती; तें त्यांनीं जाणूनच गाळलें असावें असें आम्हांस वाटतें.

समर्थ तर जालना जिल्ह्याचेच. घनसावंगी तालुक्यांतील जांब हें त्यांचें जन्मगांव, साल १६०८. दासबोधाच्या दहाव्या दशकांत भ्रमनिरूपणाचा एक समास आहे. मेलेला माणूस स्वप्नांत येतो, कांहीं मागतो, आणि मग मनांत ठाण मांडून बसतो, याला समर्थ भ्रम म्हणतात. आम्ही येथें त्या समासापुरतेंच बोलत आहों. पण तेवढ्यांत त्यांनीं केवढी मजल मारली आहे! चक्रधरांनीं भय स्थळाकडे दिलें होतें, नाथांनीं तें देवाकडे वळविलें, समर्थांनीं तें आपल्याच मनांत शोधावयास सांगितलें. तिघांच्या या बोलण्यांत शेजारीण कोठेंही नाहीं.

कारण देवऋष्याचा दुसराही एक प्रश्न असतो. "कोठें गेला होता?" याचें उत्तर मिळालें नाहीं, किंवा उतारा देऊनही ताप उतरला नाहीं, म्हणजे तो विचारतो, "घरीं कोण आलें होतें? कोणाच्या हातचें खाल्लें?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर एखादा दगड, एखादें झाड किंवा पाणी असतें. दुसऱ्याचें उत्तर नेहमीं माणूस असतें, आणि दहांतून नऊ वेळां तें माणूस म्हणजे एकटी राहणारी, वयस्क, कोणाचा आधार नसलेली बाई.

या दोन प्रश्नांचा भेद आम्हींच शोधला अशी बढाई आम्ही मारीत नाहीं. वर उल्लेखिलेल्या हटन यांनीं २०११ सालीं केल्टिक समाजांतील चेटकिणींच्या खटल्यांवर एक निबंध लिहिला. विशेषतः स्कॉटलंडच्या गेलिक भागाविषयीं त्यांचें म्हणणें असें कीं, तेथें अरिष्टाचा दोष डोंगरांतल्या पऱ्यांवर टाकण्याची रीत होती, आणि म्हणून शेजारणींना फांसावर चढविण्याचें प्रमाण कमी राहिलें. वेल्समध्यें सोळाव्या-सतराव्या शतकांत मिळून चेटकासाठीं फांशीं गेलेल्यांची संख्या अवघी पांच. १५९४ सालीं डेन्बी येथें फांशीं दिलेली ग्वेन ही त्यांतली पहिली नोंदलेली स्त्री. स्कॉटलंडच्या इतर भागांतील आंकडे याच्या कित्येक पटींनीं मोठे आहेत. आजच्या वेल्श लेखिकेला 'विच' हा शब्द इतक्या सहजपणें अंगावर घेतां येतो, याचें एक कारण त्या पांच या आंकड्यांत असावें. तो शब्द तिच्यासाठीं निवडीचा आहे. आमच्याकडे चेटकीण हा शब्द अद्याप कोणी निवडीत नाहीं. तो दुसऱ्यानें लाविलेला असतो. सातपुड्यांतील नंदुरबारकडच्या भागांत 'डाकीण' ठरविलेल्या बायांना गांव सोडून पळावें लागलें आहे. शेजारच्या तेलंगणांत, मेदककडे, मंत्र म्हणतां येऊं नये म्हणून संशयिताचे दांत पाडल्याचीं उदाहरणें नोंदलेलीं आहेत. आणि मराठवाडा हा तर भानामतीचा मुलूख. बंद पेटींतील कपडे पेटतात, घरावर दगड पडतात, बायका एकाएकीं घुमूं लागतात किंवा कुत्र्यासारख्या भुंकतात, अंगावर फुल्या उमटतात. या फुल्या पुष्कळदां बिब्ब्याच्या तेलाच्या असतात हें शोध घेणाऱ्यांनीं अनेकवार दाखविलें. सासुरवासिनीला जें उघड ओरडतां येत नाहीं तें भानामतींत ओरडतां येतें, इतपत आम्हांसही कळतें. पण भानामती झाली म्हटलें कीं ती करणारा शोधला जातो, आणि एका बाईचा हुंदका दुसरीच्या पाठीवर काठी होऊन पडतो.

तर मग पहिला प्रश्न ठेवावा आणि दुसरा टाकावा, एवढें सांगून आम्ही मोकळे झालों असतों. आमचा अभिप्राय प्रथम तेवढाच होता, आणि तो लिहूनही झाला होता. परंतु तो आम्हांस पुरेसा वाटेना. स्थळाचे देव निष्पाप आहेत असें म्हणण्यांत आम्हां पांढरपेशांची सोय फार आहे. पटकी आली म्हणजे मरीआईचा लहानसा गाडा करून तो वाजतगाजत शिवेबाहेर, म्हणजे शेजारच्या गांवाच्या हद्दींत, लोटण्याची चाल एन्थोव्हेन यांनीं नोंदली आहे. पुढचें गांव तो आणखी पुढें लोटी. ज्यांच्या हद्दींत रोग ढकलला त्या गांवाला त्या भक्तींत काय काव्य दिसलें असेल? शिवेवरच्या देवांची सेवाही कोणाकडे होती हें पाहावें. बेबीताई कांबळे यांचें 'जिणं आमुचं' हें आत्मकथन १९८६ सालीं पुस्तकरूपानें आलें. आषाढांत बायांच्या अंगांत देवी येते, घरचा थोरला मुलगा पोतराज म्हणून सोडला जातो, आणि पुढें बाबासाहेबांचा शब्द कानीं पडल्यावर तीच माणसें ते देव टाकूं लागतात, हें त्यांनीं आंतल्या माणसाच्या मायेनें आणि आंतल्याच माणसाच्या संतापानें सांगितलें आहे. आमच्या स्नेह्यांच्या हस्तलिखितांत मरीआईचें प्रकरण मोठें रम्य आहे. गाड्याच्या पुढें ढोल कोण वाजवीत होतें, तें मात्र त्यांत नाहीं. बेबीताईंचें पुस्तक आम्हीं त्यांना दिलें. तें वाचून झाल्यावर तें प्रकरण त्यांनीं आपण होऊनच मागें घेतलें व पुनः लिहावयास घेतलें, हें आम्ही त्यांच्या सचोटीचें लक्षण समजतों.

मध्यंतरीं एक शंका त्यांनीं विचारली: असलें पुस्तक छापणें कायद्यांत बसतें कीं नाहीं? २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, त्यानंतर कांहीं दिवसांत वटहुकूम निघाला, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत विधिमंडळानें जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याची अनुसूची आम्हीं त्यांना वाचून दाखविली. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं बांधणें, मारणें, मिरचीची धुरी देणें, अमुक माणूस करणी करतो असें सांगून त्याचें जगणें मुश्किल करणें, साप किंवा कुत्रा चावला असतां औषधोपचार घेऊं न देतां मंत्र-तंत्र करणें: हे सारे गुन्हे, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, जुन्या विद्यांचें शिक्षण यांस मात्र त्याच कायद्यानें मोकळीक ठेविली आहे. म्हणजे आसरांना खण वाहण्यास अडथळा नाहीं. बोट दाखविण्यास आहे. नाथांनीं जें हत्यार भारुडाबाहेर ठेविलें होतें, नेमक्या त्यावरच सरकारनें हात ठेविला, असें आम्हीं हंसत म्हटलें. स्नेही हंसले नाहींत.

याचें कारण आम्हांस पुढें कळलें. हस्तलिखिताच्या एकाहत्तराव्या पानावर एकच वाक्य आहे: एके वर्षीं गांवांत जनावरें मरूं लागलीं, आजीनें उपाय केला, आणि रोग थांबला. बाकी सर्वत्र उतारा कसला, पत्रावळ कोणत्या पानांची, वेळ कोणती हें इतक्या बारकाव्यानें सांगणारा लेखक येथें एकाएकीं मुका कां झाला? आम्हीं समासांत "कोणता उपाय?" एवढेंच लिहून हस्तलिखित परत केलें. तीन आठवड्यांनीं ते स्वतः आले. त्यांनीं जें सांगितलें तें असें: त्या वर्षीं आजीनें ज्वारीचे दाणे टाकून पाहिलें, आणि दुसरा प्रश्न विचारला. दाण्यांनीं दिशा दाखविली. त्या दिशेला एकच घर एकट्या बाईचें होतें. कोणी मारलें नाहीं, असें घरांत सांगतात. विहिरीवर तिच्यानंतर कोणी पोहरा टाकीना, दुकानदार तिच्या हातांतला पैसा हातांत घेईना, आणि पावसाळ्यापूर्वीं ती एका रात्रीं निघून गेली. जनावरांचा रोग पावसानंतर थांबला.

आमच्या मनांत तेव्हां चाळिसावें पान आलें. पूर्वार्धांतल्या त्या सुरेख नकाशांत, ओढ्याच्या अलीकडे, एक पडकी भिंत आहे. तींत बाभूळ उगवली आहे. तेथें हडळ राहते, तिन्हीसांजेनंतर मुलांनीं तेथून जाऊं नये, गेलेंच तर खिशांत लोखंडाचा तुकडा ठेवावा, असें लेखकानें आपल्या बालपणच्या भयाच्या गोड आठवणींसह लिहिलें आहे. आम्हांस तें पान सर्वांत आवडलें होतें. आम्हीं विचारलें, "ती भिंत त्याच घराची काय?" ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "होय. मला हें आजवर जुळवावेंसें वाटलें नाहीं."

येथें आमचा दोन प्रश्नांचा सुबक भेदही लंगडा पडला, आणि तें कबूल केलें पाहिजे. आम्ही म्हणत होतों कीं भय जागेचें असलें तर तें निरुपद्रवी, माणसाचें असलें तर घातक. पण गांवाची कांहीं जागा तरी अशाच माणसांची घडलेली आहे. ज्या बाईला गांवांतून घालविलें तिचें घर पन्नास वर्षांत स्थळ झालें, तिची हडळ झाली, आणि तिसऱ्या पिढीच्या हातीं ती लोककथा म्हणून आली. स्थळाच्या कोणत्या दगडाखालीं कोण आहे हें विचारल्यावांचून ती कथा संग्रहांत घेणें म्हणजे दाण्यांचा कौल पुनः एकदां मान्य करणें होय. वेल्श पुस्तकांतही असलीं पानें असतील काय, असा विचार तेव्हांपासून आमच्या मनांतून जात नाहीं. त्या देशाच्या पांचपैकीं एकीचें तरी घर कोठें होतें हें आम्हांस वाचावयास आवडेल.

आम्हीं त्यांना सल्ला दिला तो इतकाच. आजीचें प्रकरण वगळूं नये, तिची थोरवी कमी करूं नये. तिनें बरीं केलेलीं मुलें खरीं होतीं, तिचा उतारा घेऊन येणाऱ्या आयांना रात्रीं झोंप लागत होती हेंही खरें. मात्र चाळिसावें पान आणि एकाहत्तरावें पान एकत्र आणावें, आणि हडळ हा शब्द काढून तेथें त्या बाईचें नांव घालावें. पुस्तक छापतांना तें नांव बदललें तरी चालेल. हस्तलिखितांत तें खरें असावें. तें नांव त्यांना ठाऊक नव्हतें. गांवांत सर्वजण तिला तिच्या घराच्या दिशेवरून ओळखत.

गेल्या महिन्यांत त्यांचें पत्र आलें. आजीची धाकटी जाऊ अजून हयात आहे. तिच्याकडे ते दोन दिवस जाऊन राहिले. पहिल्या दिवशीं ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं, निघण्याच्या वेळीं, तिनें नांव सांगितलें, माहेरचें गांवही सांगितलें, आणि त्या बाईच्या हातच्या पुरणपोळ्या फार मऊ होत असत असें म्हणाली. प्रकरण अजून लिहून झालेलें नाहीं.